वाकड्याच्या लेकी

जनावर पाहायला जाऊन जनावराकडे पाठ करून उभा राहणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझा साडू निघाला. गायीसाठी वळू निवडायचा म्हटलं की माणसं त्याच्या पुढून जातात, मागून जातात, वशिंड न्याहाळतात, शिंगांची ठेवण पाहतात, पाठीवर थाप मारून कातडी कशी थरथरते ते बघतात. आमचे साडू यातलं काही करत नसत. ते सरळ मालकापाशी जात आणि विचारत, "ह्याच्या पोरी कुठं देल्या?" एकदा सेनगावला जनावरांचं प्रदर्शन भरलं होतं. पहिला नंबर आलेला वळू अंगावर झूल आणि कपाळाला गुलाल लेवून उभा होता, पोरं त्याच्यासोबत फोटो काढत होती, आणि हे गृहस्थ त्या वळूकडे पाठ करून मालकाच्या म्हाताऱ्या बापाशी बोलत होते. ह्याच्या कालवडी व्याल्या का, कोणाच्या दावणीला आहेत, दोन्ही वेळचं मिळून किती देतात, धारेला लाथ मारतात का. म्हाताऱ्यानं बराच वेळ उत्तरं दिली आणि मग विचारलं, "बापू, तुमाला वळू पाहायचा हाय का सोयरीक जमवायची हाय?" साडू म्हणाले, "एकच हाय ते."

ते माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांचं गाव गोरेगावच्या अलीकडे. माझी शाळा गोरेगावात आणि घर सेनगावला, त्यामुळे येताजाता जीप त्यांच्या फाट्यावर थांबली की आठवड्यातून एकदा तरी मी उतरत असे. मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला गुरुजी म्हणायचे. आक्का, म्हणजे माझी मोठी मेहुणी, मला दाजी म्हणायची आणि मी ओसरीवर टेकायच्या आत सांगायची, "दाजी, जेवून जा, पण ह्यांना गायीचं काही इचारू नका." मी विचारत नसे. विचारायची गरजच पडत नसे.

मूळचे ते असे नव्हते. सोयाबीन, तूर, थोडा कापूस आणि दावणीला चार लाल कंधारी गायी, असा चारचौघांसारखा त्यांचा संसार होता. एकदा गावातले पंधरावीस शेतकरी कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले. बाकीचे तिथं जेवले, टोपी आणि पिशवी घेऊन परत आले. साडू एक वाक्य घेऊन आले. तिथल्या साहेबांनी भिंतीवर दोन वळूंची चित्रं दाखवली होती, एक रुबाबदार आणि एक यथातथाच, आणि विचारलं होतं, यातला कोणता घ्याल? सगळ्यांनी रुबाबदारावर बोट ठेवलं. साहेब म्हणाले, "वळू दूध देत नाही. त्याच्या लेकी देतात. ज्याच्या लेकी जास्त देतात तो वळू चांगला, मग तो दिसायला कसाही असो." बाकीच्यांनी मान हलवली आणि जेवणाची घंटा झाली का ते पाहिलं. साडूंच्या डोक्यात मात्र ते वाक्य जे जाऊन बसलं ते पुन्हा निघालं नाही. आपल्या आजापणज्यानं, सगळ्या गावानं, इतक्या पिढ्या वळूचं तोंड पाहून गायी भरवल्या, म्हणजे नवरीऐवजी वाजंत्री पाहून वरात घरी आणली, असं त्यांना वाटू लागलं, आणि ही चूक दुरुस्त करायची जबाबदारी आपल्या एकट्यावर येऊन पडली आहे अशीही त्यांची खात्री झाली.

मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. गोरेगावच्या बाजारातून एकसारखी प्लास्टिकची मापं आणली आणि आसपासच्या गावांत ज्या ज्या घरी लाल गाय आहे त्या घरी वाटली. गायीची दोन सडं वासराला सोडायची, दोन या मापात पिळायची, आणि आठवड्यातून एकदा किती भरलं ते फोनवर बोलून पाठवायचं, असा त्यांचा नियम. बायांना लिहिण्याची कटकट नको म्हणून बोलण्याची सोय. एका घरात त्या मापानं तांदूळ मोजू लागले, दुसऱ्या घरात ते न्हाणीत गेलं, पण बऱ्याच बायांनी इमानानं काम केलं. आम्ही जेवायला बसलो की साडूंचा फोन बोलायला लागायचा. "काका, सकाळचं दीड लीटर. काल पाव्हणे आले होते म्हणून धार उशिरा काढली." "मामा, आज कमी भरलं, वासरानं दावं तोडून पिऊन घेतलं." आक्का भाकरी थापता थापता म्हणायची, "दुसऱ्या बायांच्या नवऱ्यांना एखादीचा फोन येते. माझ्या नवऱ्याला पाच गावच्या बायांचा येते, अन् सगळ्या दूधच सांगतात. भांडावं तरी कशावरून?"

हा नाद गोठ्यात राहिला असता तरी चाललं असतं. त्यांच्या मुलीला एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, गोरापान, उंच, सगळ्यांना पसंत. मीही बैठकीला होतो. पोहे झाले, चहा आला, आणि साडू मुलाच्या वडिलांना अतिशय आदरानं म्हणाले, "पोरगा देखणा हाय, त्याच्यात वाद न्हाई. पण देखणेपणावरून काय कळते? त्याच्या बहिणी कुठं नांदून राहिल्या?" वडील म्हणाले, "आपापल्या घरी सुखात हायेत." साडूंचं समाधान झालं नाही. "सुखात म्हंजे कसं? तब्येतीची काही तकलीफ? लेकरंबाळं धडधाकट? शेजारच्या बाया त्यांच्याबद्दल काय म्हणून राहिल्या?" चहाचे कप अर्धे तसेच राहिले आणि पाहुणे उठले. आक्कानं पुढं आठवडाभर नवऱ्याला काळा चहा दिला. मुलीचं लग्न नंतर दुसरीकडं चांगलं झालं, पण त्या दुसऱ्या बैठकीच्या दिवशी आक्कानं साडूंना तूर राखायला वावरात पाठवून दिलं होतं.

हसण्यासारखं असं पुष्कळ होतं, आणि आम्ही हसलोही पुष्कळ. पण सुलतान आणि वाकड्याची हकीकत आठवली की हसू अर्ध्यातच थांबतं.

सुलतान हा त्यांच्या गावच्या माजी सरपंचांचा वळू. गडद लाल रंग, डोळ्याभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड, वशिंड असं की लांबून टेकडी दिसावी. तालुक्याभरातून गायी त्याच्याकडे येत. वाकड्या शेजारच्या गावातला. नाल्याकाठी राहणाऱ्या एका गरीब शेतकऱ्यानं तो बाजारातून लहानपणी आणला होता, त्याची आई कोण, कशी, कोणाला ठाऊक नाही. एक शिंग वर, दुसरं खाली वळून डोळ्याशी आलेलं, पाठ मध्ये खचलेली, रंग पावसात भिजलेल्या विटेचा. त्याच्याकडे कोणी गाय आणत नसे. म्हणून तोच जायचा. संध्याकाळी गुरं घरी परतायच्या वेळेला दावं तोडायचा आणि कळपात शिरायचा. गायींचे मालक काठ्या घेऊन नाल्याकाठी भांडायला यायचे. अख्ख्या पंचक्रोशीत या प्रकारानं आनंद झालेला माणूस एकच. कारण ज्यांनी आपल्या गायी मोठ्या हौसेनं सुलतानकडे नेल्या होत्या, त्यांच्याच गोठ्यात आता वाकड्याच्याही कालवडी जन्मू लागल्या होत्या.

"गुरुजी, ध्यानात घ्या," ते मला जेवताना बोटं चाटत समजावून सांगायचे. "एक गोठा. एकच कडबा, एकच पाणी, धार काढणारी बाईबी एकच. त्याच्यात एक पोरगी सुलतानची अन् एक वाकड्याची. मग दोघींच्या दुधात फरक पडला तर तो कशाचा?"

"गायींचा," मी म्हणायचो.

"एका गोठ्यात एक गाय चांगली, एक वाईट असू शकते. दहा गोठ्यांत तसं होत न्हाई. दहा गोठ्यांत फरक पडला तर तो बापाचा."

हे मला पटायचं. मी गणित शिकवतो. पण पटलेल्या गोष्टीचं पुढं काय करायचं ते मला कधीच कळलेलं नाही, आणि साडूंना ते नेमकं कळत होतं: वाट पाहायची. कालवड जन्मली, ती वाढायची, गाभण राहायची, व्यायची, मग दूध द्यायची, मग ते मोजायचं. या जातीच्या गायी सावकाश वयात येतात. तोवर पेरण्या होतात, सुगी होते, निवडणुका होतात, पोरं शाळेतून कॉलेजात जातात.

दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर तरुण आणि भले होते, त्यांना साडूंबद्दल मनापासून आदर होता. साडू त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, दोन्ही वळूंचं वीर्य साठवून ठेवा, निकाल लागला की ज्याचं चांगलं निघेल त्याचं वापरू. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण ज्याचं साठवायचं त्याच्या आईच्या दुधाची नोंद लागते, नाहीतर त्याच्या लेकींच्या दुधाची. वाकड्याच्या आईचा तर पत्ताच नाही. लेकी दुधाला येऊ द्या, मग मी स्वतः वर शब्द टाकतो."

"लेकी दुधाला येईपर्यंत वळू ऱ्हाईल का पण?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "तोवर त्याला कोणीतरी सांभाळायला हवं," ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी साडूंना सांगितलं, तुम्हीच तो वळू घेऊन टाका. आक्कासुद्धा म्हणाली, आणा एकदाचा. साडूंनी ऐकलं नाही. त्यांचा न्याय आड आला. "मला काय माहीत कोणता चांगला हाय?" ते म्हणायचे. "कदाचित सुलतान चांगला निघंल. परीक्षा चालू असताना मास्तरानं एका पोराला आपल्या घरी नेऊन ठेवावं का, गुरुजी?" ते नाल्याकाठच्या शेतकऱ्याकडे मात्र गेले आणि ह्याला बैल करू नको, असं विनवून आले. तो म्हणाला, "जमंल तवर ठेवतो, भाऊ. पण नुस्ता बसून खायला कवर घालू? लोक रोज भांडायला येऊन राहिले." साडूंनी पुढच्या वाक्यांकडे लक्ष दिलं नाही. पहिलं वाक्य घेऊन ते समाधानानं घरी आले.

अखेर कालवडी व्याल्या. एका हंगामात, एकामागून एक. साडूंच्या फोनला उसंत राहिली नाही. सुलतानच्या लेकी उंच, देखण्या, काजळकडेच्या. दूध चहापुरतं, तेही लाथ चुकवून. वाकड्याच्या लेकी खाली मान घालून उभ्या राहायच्या, वासरू पिऊन झालं तरी पान्हा टिकायचा, आणि माप भरून वर फेस यायचा. एका घरात असं झालं, दोन घरांत झालं, पुढं जवळजवळ सगळ्याच घरांत झालं. साडूंनी घाई केली नाही. दुसऱ्या वेताची वाट पाहिली, कारण पहिल्या वेतावर भरवसा ठेवू नये असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. दुसऱ्या वेतातही तेच झालं. त्या दिवशी मी जीपमधून उतरलो तर ते फाट्यावरच उभे होते, धुतलेलं धोतर नेसून. मला म्हणाले, "चला गुरुजी, वाकड्याला टिळा लावून येऊ."

नाल्याकाठी गोठ्यात एक शेळी होती आणि दोन बैल. वाकड्या नव्हता. शेतकऱ्यानं बाज टाकली, पाणी आणलं आणि म्हणाला, "त्याला तर कवाच बडवला, भाऊ, बैल केला. आमचा जुना बैल मेला अन् पेरणी तोंडावर आली होती. करता काय? दोन वर्सं नांगराला चालला. औंदा इकला, आखाडा बाळापूरकडच्या माणसाला."

साडू म्हणाले, "मला कोणी बोललं न्हाई."

"तुमच्या डोळ्यासमोरच तर होता," शेतकरी अगदी साधेपणानं म्हणाला. "तुमी ह्याच रस्त्यानं गायीचं दूध इचारत जायचे. तो वावरात जुंपलेला असायचा. मी रामराम करायचो, तुमीबी करायचे. मला वाटलं तुमी पाहिलं असंल, राग आला असंल म्हणून बोलत न्हाई."

साडूंनी पाहिलं नव्हतं. दोन वर्षं त्या वावराच्या बांधावरून जाता-येता त्यांनी बैलांकडे एकदाही नजर टाकली नव्हती, कारण बैलांकडे पाहण्यात त्यांच्या मते काही अर्थच नव्हता. परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, "बडवलेला कधी कधी अर्धवट राहतो म्हणतात. खरं का हो?" मी म्हणालो, डॉक्टरांना विचारू. डॉक्टरांना विचारलं. ते फोनवर म्हणाले, "काका, इतकी वर्षं कामाला लागलेला बैल आहे. आता काही होत नाही." साडू म्हणाले, "बराबर हाय," आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन एसटीनं आखाडा बाळापूरला निघाले.

बैल सापडला. नव्या मालकानं आम्हाला दुरूनच ओळखल्यासारखं हसून बसायला सांगितलं, त्याला वाटलं गिऱ्हाईक आलं. वाकड्या सावलीत कडबा खात होता. खांद्याला जुवाचा घट्टा पडलेला, खालचं शिंग साळून आखूड केलेलं. "लई गरीब हाय," मालक म्हणाला, "लेकरू शेपटी धरून झोंबलं तरी हलत न्हाई." साडू पुढं झाले. त्याच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. बैल त्यांच्या हाताखालून तोंड काढून पुन्हा कडब्याकडे वळला. मालकानं विचारलं, "ह्याचं काही इशेष हाय का?" साडू म्हणाले, "ह्याच्या पोरी लई चांगल्या निघाल्या." मालक म्हणाला, "असं का? चांगलं झालं की मग." आणि त्यानं चहा सांगितला.

घरी आल्यावर त्यांनी सगळ्या बायांना एकच निरोप पाठवला, की आता मोजू नका, झालं काम. काही जणींनी बरं म्हटलं. एकीनं उलट विचारलं, "काहून काका? आमचं काही चुकलं का?" हा निरोप त्यांनी मला दोन-तीनदा ऐकवला. शेवटी आक्कानंच फोन घेतला आणि सांगितलं, "तुझं काही चुकलं न्हाई, बाई. तुझ्या काकाला जरा उशीर झाला."

त्यानंतर साडू थकले ते थकलेच. गावोगाव सुलतानची पिल्लावळ वळू म्हणून उभी होती, तशीच उंच, तशीच काजळकडेची, आणि लोक हौसेनं गायी नेत होते. ट्रॅक्टर आले, वैरण मिळेनाशी झाली, आणि वाकड्याच्या लेकी दिसायला साध्या म्हणून बाजारात आधी गेल्या. साडू कोणाला काही सांगायला गेले नाहीत. गुडघे धरले तेव्हा नोकरीसाठी हिंगोलीत असलेल्या त्यांच्या मुलानं त्यांना आणि आक्काला आपल्याकडे नेलं. जायच्या आधी त्यांच्या स्वतःच्या दावणीला वाकड्याची एक लेक होती, तिला गोऱ्हा झाला. आई माहीत, मावश्या माहीत, सगळ्यांचं दूध माहीत. पण हा वळू म्हणून कसा निघेल ते कळायला त्याच्याही लेकी दुधाला याव्या लागणार, आणि तेवढा काळ आपल्याजवळ नाही हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. गाय त्यांनी भावकीत दिली. गोऱ्हा मात्र सेनगाव रस्त्यावर शेत असलेल्या एका तरुण शेतकऱ्याला दिला आणि त्याला म्हणाले, "बाबा, ह्याच्या लेकी व्यायच्या आधी ह्याला बडवू नको. तेवढं कर." शेतकऱ्यानं मान डोलावली. म्हाताऱ्या माणसापुढं आपण सगळेच डोलावतो तशी.

आता रविवारी त्यांचा फोन येतो. तब्येतीचं विचारतात, शाळेचं विचारतात, पाऊस किती झाला ते विचारतात. मग जरा थांबून म्हणतात, "त्या वावरावरून जीप जाते ना तुमची? गोऱ्हा दिसला का?"

तो आता गोऱ्हा राहिलेला नसणार, चांगला मोठा झाला असणार. ते वावर रस्त्याला लागूनच आहे, आणि पेरणीच्या दिवसांत तिथं कोणती जोडी जुंपलेली आहे ते खिडकीतून सहज दिसतं. मी अलीकडे मुद्दाम मधल्या सीटवर बसतो.

"जीप गच्च भरलेली होती, भाऊ," मी म्हणतो. "खिडकीला जागा मिळाली नाही."

"बराबर हाय," ते म्हणतात. "पुढच्या खेपेला लवकर जाऊन बसा."